बावीस फुटांत चोपन्न माणसं

आमच्या वस्तीत फोटोसाठी कुणी खाली बसत नाही. लग्न असो, जयंती असो, नाहीतर पोरांच्या शाळेचा निरोप असो. खुर्ची असली तर खुर्चीवर, नसली तर उभं. हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि मोडलेला मी बघितलेला नाही. बाहेरगावचा फोटोवाला येतो, सवयीनं तळहात खाली दाबत म्हणतो, "पुढची लाईन बसून घ्या," आणि अख्खी ओळ त्याच्याकडं अशी बघते, की बिचारा गळ्यातला पट्टा उगाच नीट करायला लागतो.

नियम घातला महिपती ओव्हाळांनी. छप्पन साली धम्म घेतल्यावर ह्या माणसानं देव्हाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट घरातनं काढून टाकली, ती म्हणजे दुसऱ्याच्या ओट्याखाली बसायची सवय. "बसून बसून कंबरा मोडल्या आपल्या. आता ह्यो समाज उभा दिसंल," म्हणायचे. चौऱ्याहत्तर साली वस्तीत विहार बांधून झाला, तेव्हा एक फोटोवाला आणला. तो म्हणाला, दोन ओळी खाली बसवा, नाहीतर मावणार नाहीत. महिपती म्हणाले, "मावतील तेवढी घ्या." त्यानं घेतली. दोन्ही कडांची नऊ माणसं फोटोबाहेर राहिली. त्यांतले एक खुद्द महिपती. दुसऱ्यांना मधे जागा देत देत ते पार टोकाला जाऊन उभे राहिले होते.

तो फोटो अजून विहारात टांगलेला आहे. उजव्या कडेला, चौकटीला चिकटून, एका बाईचं कोपर दिसतं, खाली बांगड्या. ते रंगुबाईंचं. महिपतींची धाकटी सून. तेव्हा तिशीतली, आज एक्याऐंशीची. वस्तीत नवी सून आली की रंगुबाई तिला विहार दाखवायला नेतात आणि न चुकता त्या फोटोपुढं थांबतात.

"त्ये कोपर दिसतंय का? त्ये माझं हाय. बाकीची मी भायेर हाय."

सगळे हसतात. रंगुबाई पण हसतात. पण दर वेळी दाखवतात, हे कुणी ध्यानात घेत नव्हतं. घेतलं ते त्यांच्या पुतण्यानं, बुद्धघोष ओव्हाळ यांनी. हे लिखाण त्यांच्याबद्दल आहे.

बुद्धघोष तात्या बासष्ट वर्षांचे. एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग मरायला टेकलंय ते सांगायचे. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारात त्यांना लाकडाची आणि पितळेची एक पेटी दिसली. भंगारवाला पितळ सोलून काढायच्या तयारीत होता. तात्यांनी वजनावर विकत घेतली. घरी आणून उघडली तर मोठ्या फिल्मचा कॅमेरा निघाला. पुढं लेन्स, मागं दुधी काच, आणि दोन्हींच्या मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. पोस्टकार्डाएवढी एकच फिल्म घालायची, एकच फोटो काढायचा, मग दुसरी. भाता उंदरांनी खाल्ला होता, तो तात्यांनी रेक्झिन आणि पुठ्ठा आणून नवा केला. इंग्रजी पुस्तकं मांडीवर डिक्शनरी ठेवून वाचली. दहावी नापास माणूस. हे मी मुद्दाम लिहितोय. भिंतीवर पदवी टांगून डोकं रिकामं ठेवणारे मी तालुक्याला पोत्यानं बघितलेत.

त्या कॅमेऱ्यानं त्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे एकेकटे फोटो काढले. काळे-पांढरे. कपाळावरची आठी न् आठी मोजून घ्यावी असे. घराघरात आहेत, येऊन बघा.

गेल्या वर्षी वस्तीच्या बैठकीत ठरलं, की विहार गळायला लागलाय, पाडून नवा बांधायचा. वीस ऑक्टोबरला काम सुरू. त्याआधी चौदा तारखेला, धम्म घेतल्याच्या दिवशी, सगळ्यांनी जुन्या विहारापुढं जमायचं. तात्या उठले. हा माणूस बैठकीत सहसा बोलत नाही.

"फोटो मी काढणार," म्हणाले. "सगळ्यांचा. उभा. ह्या टायमाला एक बी माणूस कापणार न्हाय."

शब्द तोंडातनं गेला. टाळ्या पडल्या. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसलं की खाली बसता बसता तात्यांचा चेहरा बदलला. फिटरचं डोकं हिशेबाला लागलं होतं.

विहारापुढची गल्ली बावीस फुटांची. समोर हिंदुराव नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्याची पाठीमागची भिंत. म्हणजे कॅमेरा मागं न्यायचा म्हटला तरी बावीस फुटांच्या पलीकडं जात नाही. तात्यांच्या कॅमेऱ्याला जी लेन्स होती, ती माणसाच्या नुसत्या चेहऱ्यासाठी उत्तम. पण बावीस फुटांवरून तिच्यात एका ओळीत अकरा माणसं बसायची. बारावं कोपर. आणि आमची माणसं चोपन्न.

सल्ले देणाऱ्यांची आमच्याकडं टंचाई नाही. एक जण म्हणाला, मोबाईलवर फिरवून काढा, सगळी येतात. तात्या म्हणाले, "बावडा गावात एका वरातीत काढला व्हता तसला. नवरदेवाला तीन हात आलं." आणि फोटो नव्या विहारात भिंतभर लावायचा होता. सहा फुटी. मोबाईलचा एवढा वाढवला की आजीचं नाक कुठलं आणि खांबाचा टवका कुठला, कळत नाही.

दुसरा सल्ला माझा होता. म्हटलं, तात्या, रुंद दिसणारी लेन्स घ्या, लागेल ती घ्या, चांगल्यातली घ्या. मी एका पुढाऱ्याला गाठतो. निवडणूक तोंडावर आहे, देईल.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "समाधान, लेन्स पुढाऱ्यानं दिली तर फोटोच्या मधे कोण उभा राहणार?"

मी पुढाऱ्याचा नंबर शोधायला काढलेला मोबाईल परत खिशात घातला.

"आन् रंगुनानी कुठं जाणार? परत कडंला. माझ्या पैशात बसंल ती लेन्स घेणार मी. पेन्शन माझी हाय."

मग शोध सुरू झाला. महिनाभर तात्या फोनवर जुन्या लेन्स विकणाऱ्यांशी बोलत होते. एक मोठी, जड, काचेचा पुढचा डोळा वाटीएवढा. तिची किंमत ऐकून तात्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून दिला. दुसरी त्याहून स्वस्त आणि फारच रुंद. मला ती आवडली. मी म्हटलं, घ्या की हीच, अख्खी वस्ती घरादारासकट येईल.

"येईल. पण कडंच्या माणसाचं तोंड कलिंगडासारखं येईल. लई रुंद लेन्स कडंला ताणती माणसाला. एकदा कापलं, आता फुगवायचं व्हय?"

म्हणजे हवी होती मधली. फार रुंद नाही, पुरेशी. आणि पेन्शनीत बसणारी. तशी एक बारामतीत आहे असा पत्ता लागला. मोहनराव म्हणून जुने स्टुडिओवाले. कारखान्यांची, पुलांची, मशिनरीची फोटोग्राफी करायचे. डोळ्यांना त्रास सुरू झाल्यापासून दुकान बंद, माल कपाटात. आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. तात्यांच्या मांडीवर पिशवीत कॅमेरा, माझ्या पाठीत त्याचा कोपरा, इंदापूरपासून बारामतीपर्यंत.

मोहनरावांनी चहा दिला. कपाटातून कापडात गुंडाळलेली लेन्स काढून टेबलावर ठेवली. जर्मन, सत्तर वर्षांची, पेरूएवढी. मला तर ती खेळण्यातली वाटली.

"ओव्हाळ, आधीच सांगतो," मोहनराव म्हणाले, "गरिबाची वाइड आहे ही. मधे झकास. पण कडेला जपून. हिचं वर्तुळ लहान."

मला काही कळलं नाही, हे तात्यांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "आरं, लेन्स मागं उजेडाचा गोल तवा टाकती. फिल्म म्हणजी भाकरी. महागाच्या लेन्सचा तवा मोठा, भाकरी कुठं बी सरकवा. हिचा तवा भाकरीएवढाच. जरा सरकली की कड कच्ची."

"अगदी बरोबर," मोहनराव खूश झाले. "कशाचा फोटो काढायचाय?"

तात्यांनी सांगितलं. गल्ली किती, माणसं किती.

"मग लेन्सला पैसे कशाला घालता?" मोहनराव सहज म्हणाले. "पुढच्या दोन ओळी खाली बसवा. आहे त्या लेन्समध्ये होऊन जाईल."

माझा कप बशीवर आदळला. मी म्हटलं, "खाली बसवा म्हणजे? कुणाला खाली बसवता? तुम्हाला माहितीय का आम्ही..."

तात्यांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. फिटरचा पंजा. गुडघा दोन दिवस दुखत होता.

"नाव समाधान हाय ह्याचं," ते मोहनरावांना म्हणाले, "पण ह्यो झाला तवा आईबापाला म्हाईत नव्हतं." मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. महिपती, चौऱ्याहत्तरचा फोटो, नऊ माणसं, रंगुबाईंचं कोपर. आवाज न चढवता. मला वाटतं मी जन्मभर मोर्चे काढून जे सांगत आलो, ते ह्या माणसानं एका चहात सांगितलं.

मोहनराव थोडा वेळ लेन्सवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ओव्हाळ, मी बारा हजार म्हणालो होतो. तुम्ही सहा द्या. अशा कामासाठी..."

"न्हाय."

"का हो?"

"सवलत नको. घासाघीस करतो." तात्यांनी लेन्स उजेडात धरली, फिरवली, कानाजवळ नेऊन शटर ओढलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. "हळू स्पीड अडकतोय ह्याचा. मागच्या काचंला एक चरा. ह्याचं दोन हजार कमी. दहा. पण टेस्ट करून. कड नीट न आली तर शून्य."

मोहनराव हसायला लागले. "चला गच्चीवर."

लेन्सची पाटी मोहनरावांच्या जुन्या कॅमेऱ्याची, म्हणून गच्चीवर तोच स्टँडवर मांडला. तात्या काळं कापड डोक्यावर घेऊन आत शिरले आणि माझी वरात सुरू झाली. "डावीकडं सरक. आजून. हात वर कर. कोपर वाकव. आता उजवीकडं." शेजारच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होत्या, त्यांनी पापड सोडून मला बघायला सुरुवात केली. मी कठड्याला टेकून कोंबडीसारखा कोपर हलवत उभा होतो.

मग तात्यांनी मला बोलावलं. दुधी काचेची चारी टोकं जराशी कापलेली असतात. त्या फटीतून आत बघायला सांगितलं. लेन्स सताड उघडी होती, तेव्हा तिचं भोक मला डोळा बारीक केल्यासारखं चपटं दिसलं. तात्यांनी पुढची कडी फिरवत नेली. भोक लहान होत गेलं, आणि एका जागी पूर्ण गोल झालं.

"कडीवरच्या बावीस आकड्याला गोल झालं," ते म्हणाले. "म्हणजी तितनं सगळ्यात टोकाला बी सरळ उजेड पोचतो. मोहनराव, माणसं येत्यात. दहा हजार."

"आणि वर सरकवणार असाल तर?" मोहनरावांनी विचारलं. "विहाराचा कळस घ्यायला लेन्स वर घ्यावी लागेल. तवा सरकला की वरची टोकं काळी."

"सरकवणार न्हाय," तात्या म्हणाले. कसं, ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. मला नंतर कबूल केलं.

येताना मी मोटारसायकलवरून ओरडून विचारलं, की सहा हजारात देत होते तर घेतली का नाही? मागून उत्तर आलं, "उद्या त्यो चार माणसांत म्हणला असता, मी दिली त्यांना. आता म्हणंल, लई चिवट गिऱ्हाईक व्हतं."

लेन्स आली, पण तात्यांच्या कॅमेऱ्यात बसेना. रुंद लेन्स फिल्मच्या अगदी जवळ न्यावी लागते, आणि तात्यांचा रेक्झिनचा भाता इतका जाड की पुरता दबला तरी लेन्स बोटभर पुढंच. म्हणजे लेन्स ज्या पाटीवर बसते ती खोलगट पाहिजे, भांड्यासारखी. पुण्याहून तयार मागवायची तर लेन्सच्या निम्मी किंमत. तात्या दोन दिवस घरात फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी संजीवनीवहिनींचा आवाज गल्लीत ऐकू आला.

"माझं पातेलं! अवो, दुधाचं पातेलं कुणी कापलं?"

तात्या अंगणात बसून ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं बूड कानशीनं घासत होते. मधे भोक पाडलेलं, कडा चौकोनी वळवलेल्या, आतून काळा रंग. केसाएवढी फट नाही.

"आता दूध कशात तापवू? तुमच्या कॅमेऱ्यात?"

"चौदा तारखेपतूर दम धर."

"चौदा तारखेनंतर काय, पातेलं परत उगवणार हाय?" वहिनींनी पदर खोचला. मग वाकून त्या पाटीवर बोट फिरवलं, काठावरून. "एवढं बारीक काम माझ्या दाराच्या कडीला केलं असतं तर? चार वर्सं झाली वाजतीय ती."

कडी त्याच संध्याकाळी झाली.

राहिला कळस. लेन्स वर सरकवता येत नाही, तर कॅमेराच वर पाहिजे. टेबलावर टेबल ठेवून बघितलं. हलतं. शिडीचा माळा करायचं ठरलं, तो गल्लीत मावेना. शेवटी तात्यांची नजर हिंदुरावांच्या गोठ्यापुढं उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. गळीत अजून सुरू व्हायचं होतं, ट्रॉली मोकळी होती.

मी म्हटलं, मी बोलतो हिंदुरावांशी. तात्या म्हणाले, "तू नगं बोलू. ट्रॉली पायजे मला, आंदोलन न्हाय."

गेलो दोघंही. हिंदुराव वैरण कापत होते. सत्तरीचा गडी, मिशा पांढऱ्या, तोंड फटकळ. तात्यांनी सांगितलं, की तुमच्या भिंतीला लावून ट्रॉली एक सकाळ उभी पाहिजे, एका बाजूचा फाळका उघडून.

"भिंतीला लावून? त्यापरीस भिंतच पाडा म्हणा की!"

"भिंतीचं काम न्हाय. ती न पाडता बसवलंय मी."

हिंदुराव थांबले. "ट्रॉली नेशील रे. पण मला घेणार का फोटूत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच पुढं म्हणाले, "आन् आधीच सांगतो, मी बी खाली बसणार न्हाय. माझं गुडघं गेल्यात."

तात्या मोठ्यानं हसले. तसं हसताना मी त्यांना क्वचित बघितलंय. "तुमाला फोटोपेक्षा मोठं काम देतो, हिंदुराव. ट्रॉली एक सूतभर हलली तर चोपन्न माणसं पुसली. तुमी ट्रॅक्टरवर बसायचं आन् ब्रेक दाबून धरायचा. म्या सोडा म्हणंपतूर."

चौदा तारीख. विहाराचं तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन सरळ पायऱ्यांवर. वंदना झाली. चौदा खुर्च्या पुढं, मागं वीस जणांची ओळ, तिच्यामागं विहाराच्या ओट्यावर आणखी वीस. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाया ठेवणीतल्या सोन्यात. पुण्याहून, सोलापूरहून, नोकरीच्या गावाहून माणसं आली होती. बँकेतले, वकील, नर्स, एक तहसील कचेरीतला, बाकी ऊस आणि डाळिंबं करणारे. मी तोऱ्यात ओळी लावत होतो. पुढच्या ओळीच्या बरोबर मधली खुर्ची रंगुबाईंसाठी ठेवली होती, तिच्यावर निळी शाल टाकलेली.

रंगुबाई आल्या. काठी टेकत. खुर्चीपाशी थांबल्या, शाल उचलली, घडी केली, पुढं गेल्या. ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"नानी, तिकडं न्हाय! मधे, मधे!" मी ओरडलो.

"माझी जागा हीच हाय."

"आवो, मोठ्या तुमीच हाय. मधे बसा."

"माझ्या सासऱ्यानं मला हितं उभं केलं व्हतं आन् सोता माझ्या पलीकडं उभा राहिला व्हता. आता त्यो न्हाय, तर म्या हलू व्हय? आन् बसा काय बसा? आज बसू?"

मी ट्रॉलीकडं बघितलं. वर तात्या कापडाबाहेर डोकं काढून उभे होते. त्यांनाही तेच कळलं होतं जे मला कळलं. मधे ही दहा हजारांची लेन्स लाखाच्या लेन्सला भारी आहे. कमजोर आहे ती टोकाला. आणि ज्या एका माणसासाठी सगळा खटाटोप, तो माणूस नेमका टोकाला जाऊन उभा राहिला होता, हलणार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

"तात्या, सांगा की त्यांना," मी खालून म्हटलं.

"काय सांगू? लेन्स स्वस्त हाय म्हणून आत या, असं सांगू?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तितंच. कडंची माणसं नसती तर जुन्या लेन्सनं बी भागलं असतं."

ते परत कापडात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. भिंग डोळ्याला लावून दुधी काचेवर रंगुबाईंचं टोक बघत होते. ट्रॉलीच्या चाकांना दगडांची उटी लावली होती, तरी एकदा "हिंदुराव!" म्हणून ओरडले. हिंदुरावांनी नुसती मान हलवली, पाय ब्रेकवर, चेहरा असा की मुंबई-पुण्याची अख्खी वाहतूक त्यांनीच अडवून धरलीय.

तात्या बाहेर आले. लेन्सची कडी बावीसवर नेली. फिल्म घातली. आणि मग त्यांनी जे केलं, ते कुठल्या फोटोवाल्याला करताना मी बघितलं नाही. हात वर करून ते म्हणाले, "उभं ऱ्हावा."

चोपन्न माणसं आधीच उभी होती, म्हणजे खुर्च्यांवरची चौदा... नाही, तेरा, सोडून. पण तो शब्द ऐकल्यावर खुर्च्यांवरचे म्हातारेही एकेक करून उठले. कुणी सांगितलं नव्हतं. काठ्या टेकवत, एकमेकांचा दंड धरत. मागच्यांची तोंडं झाकली जातील अशी मला धास्ती वाटली, पण कॅमेरा वर होता, ट्रॉलीवर. झाकलं कुणीच गेलं नाही.

शटरचा आवाज एवढासा. बाभळीची शेंग फुटावी तेवढा. चार फिल्म होत्या, चारही वापरल्या.

"सोडा!" तात्या म्हणाले. हिंदुरावांनी पाय काढला आणि मांडी चोळत बसले.

फिल्म त्यांनी त्याच दुपारी घरच्या मोरीत धुतल्या. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला वहिनींची जुनी साडी. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. दोन वेळा विचारलं, झालं का? दोन्ही वेळा आतून शिवी आली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग दार उघडलं. तात्या ओली निगेटिव्ह दोन बोटांत धरून उन्हात आले, भिंग लावलं आणि आधी मधे बघितलंच नाही. थेट उजवं टोक.

मी म्हटलं, "तात्या?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

वरच्या दोन्ही टोकांना आभाळ जरा फिकं पडलं होतं, म्हणजे कागदावर गडद येणार, जसं मोहनराव म्हणाले होते. तिथं माणूस नव्हता, नुसतं आभाळ. कळस पुरता होता. आणि खाली उजव्या कडेला रंगुबाई. निगेटिव्हमधे सगळं उलट, चेहरा काळा, साडी काळी. पण पायापासून डोक्यापर्यंत. काठी. बांगड्या. आणि कोपराच्या पलीकडं, चौकटीच्या आत, एका माणसाला उभं राहता येईल एवढी रिकामी जागा.

"ती जागा मुद्दाम ठेवली का?" मी विचारलं.

"म्या न्हाय. ती तिनं ठेवली," तात्या म्हणाले. "म्या फक्त कापली न्हाय."

नवा विहार ह्या मे महिन्यात उभा राहिला. फोटो पुण्याहून सहा फुटी करून आणला, चौकट तात्यांनी स्वतः केली. जुना फोटोही शेजारी लावला. मोहनराव बारामतीहून आले होते, डोळ्याला फारसं दिसत नाही म्हणून नाक फोटोला लावून कड न् कड तपासत होते. शेवटी म्हणाले, "ही माझीच लेन्स? मी पंधरा वर्षं हिला नावं ठेवली."

"फिटर लागतो तिला," तात्या म्हणाले. नम्रपणाचा आव त्यांना येत नाही आणि मला ते आवडतं.

संजीवनीवहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, की ह्या फोटोत त्यांचं पातेलं पण आहे. हिंदुराव फोटोपुढं उभे राहून आपल्या नातसुनेला सांगत होते, की हे सगळं त्यांच्या पायामुळं आलंय. दोन्ही खरं आहे.

रंगुबाई सगळ्यांत शेवटी आल्या. आधी जुन्या फोटोपुढं थांबल्या, मग नव्या. काठी काखेत धरली आणि हात लांब करून बोट ठेवलं. चेहऱ्यावर नाही. कोपरावर. तिथून बोट दंडावर नेलं, खांद्यावर, मानेवर, तोंडावर, आणि परत खाली पायांपर्यंत. सावकाश. मग बोट पलीकडच्या रिकाम्या जागेवर नेलं आणि तिथं जरा वेळ ठेवलं.

त्या दिवशी वस्तीत एक नवी सून आली होती. रंगुबाईंनी तिला हाक मारली.

"हिकडं ये गं. त्ये कोपर दिसतंय का?"

"हां, आजी."

"त्ये माझं हाय," रंगुबाई म्हणाल्या. "आन् ही त्याच्या मागची मी."